कंबरदुखी : संशोधन पुढे, उपचार मागे

कंबरेत उसण भरली की अंथरूण धरावे, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. घरातील वडीलधारी मंडळी तेच सांगतात, कचेरीतील सहकारी तेच सांगतात आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ‘पूर्ण विश्रांती’ हेच दोन शब्द असतात. त्यापाठोपाठ फिजिओथेरपीचा सल्ला येतो. फिजिओथेरपी म्हणजे काय, असे रोग्याला विचारले तर ‘शेक घ्यायचा’ किंवा ‘मशीन लावायचे’ असे उत्तर मिळते. ठरावीक बैठका, प्रत्येक बैठकीत थोडा वेळ शेक, थोडा वेळ कंबरेला वजन, आणि घरी जाताना पट्टा, असा हा परिपाठ झाला आहे. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाने मात्र या परिपाठाचा पायाच डळमळीत केला आहे, आणि हे संशोधन बव्हंशी उपचारगृहाच्या दाराबाहेरच थांबलेले आहे.

प्रश्न किरकोळ नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या विकारांत तिचा क्रमांक पहिला लागतो. कारकुनाच्या बाबतीत तिचा हिशेब रजेत होतो. परंतु हमाल, शेतमजूर, घरकाम करणारी बाई यांच्या बाबतीत तो थेट चुलीशी भिडतो. ‘महिनाभर वाकू नका, वजन उचलू नका’ असे अशा माणसाला सांगणे म्हणजे महिनाभर कमावू नका असे सांगणे होय. तो सल्ला शास्त्रशुद्ध असता तर गोष्ट वेगळी.

विश्रांतीवरील श्रद्धेला धक्का देणारा पहिला प्रसिद्ध आवाज रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरांचा. अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा त्यांचा लेख १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तो अनुभवावर आधारलेला होता, प्रयोगावर नव्हे. प्रयोगासाठी १९८६ साल उजाडावे लागले. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला दोन दिवस झोपून राहण्यास सांगितले, दुसऱ्याला सात दिवस. दुखणे बरे होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. परंतु दोन दिवस झोपलेल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. मग दोन दिवस तरी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाने त्याचे उत्तर दिले. त्यात एक गट दोन दिवस अंथरुणावर होता, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले होते, आणि तिसऱ्याला इतकेच सांगितले होते की सोसेल तितपत आपले नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सर्वांत लवकर सुधारला तो तिसरा गट. सर्वांत उशिरा सावरले ते अंथरुणावरचे.

या प्रयोगातील एक गोष्ट भौतिकोपचारतज्ज्ञांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दुखणे अगदी ताजे असताना खास व्यायामही नेहमीच्या हालचालींवर मात करू शकले नाहीत. म्हणजे पहिल्या आठवड्यात आलेल्या रोग्याला व्यायामांचा भला मोठा तक्ता हाती देण्यापेक्षा त्याला धीर देऊन कामाला लावणे अधिक हिताचे. व्यायामाचे खरे क्षेत्र दुखणे जुने झाल्यावर सुरू होते.

धीर देण्याच्या आड येतो तो एमआरआयचा अहवाल. ‘मणक्यात गॅप आलाय’ आणि ‘गादी सरकलीय’ ही दोन वाक्ये आज महाराष्ट्रातील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतात. अहवालातील चित्र खोटे नसते, पण त्याचा अर्थ लावण्यात गल्लत होते. १९९४ मध्ये अमेरिकेत, कंबर मुळीच दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या कंबरेत एखादी तरी चकती फुगलेली आढळली. सर्व चकत्या निर्दोष असलेले लोक अवघे ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा ३,११० वेदनामुक्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. चकतीची झीज विशीतच ३७ टक्क्यांच्या आसपास दिसते आणि ऐंशीपर्यंत ती ९६ टक्क्यांवर जाते, असे त्यात दिसून आले. केस पिकणे हा रोग नव्हे, तशीच यांतील पुष्कळशी झीज हाही रोग नव्हे. पण ‘गॅप’ हा शब्द एकदा कानी पडला की माणूस स्वतःच्या पाठीला काचेचे भांडे समजू लागतो. तो वाकत नाही, खाली बसत नाही, नातवाला उचलत नाही. पाठीचे स्नायू निकामी होतात ते झिजेमुळे नव्हे, या भीतीमुळे.

म्हणून उपचारकाचे पहिले साधन त्याची भाषा होय. अहवाल हातात घेऊन चेहरा गंभीर करण्याऐवजी ‘तुमच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांतही असे दिसते’ हे वाक्य आधी उच्चारले पाहिजे. दुखणे खरे आहे हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. नाहीतर ‘माझ्या दुखण्याला ढोंग म्हणतात’ असा रोग्याचा समज होतो आणि तो दुसरे दार ठोठावतो. दुखते म्हणजे इजा होत आहे, असे प्रत्येक वेळी नसते. ही गोष्ट शब्दांनी पटत नाही, करून दाखवावी लागते. वाकायला घाबरणाऱ्या रोग्याला प्रथम खुर्चीवर बसून पुढे वाकायला लावावे, मग टेबलावरची वस्तू उचलू द्यावी, मग पाटावरची, शेवटी जमिनीवरची. आठ दिवसांत तो स्वतःच्या हाताने चप्पल घालू लागला, तर त्याला व्याख्यानाची गरज उरत नाही.

तथापि धीर देण्यापूर्वी धोक्याची चिन्हे तपासणे हे कर्तव्य टाळता येत नाही, आणि आपल्या देशात तर मुळीच नाही. मणक्याचा क्षय इकडे अजून भेटतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसात सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही आढळले तर रोगी ताबडतोब डॉक्टरांकडे परत गेला पाहिजे. लघवी अडणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे किंवा पायातील शक्ती दिवसागणिक घटणे ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. हे प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. बधिरतेचा प्रश्न संकोचामुळे विचारला जात नाही, विशेषतः उपचारक पुरुष आणि रोगी स्त्री असेल तेव्हा. तो संकोच महागात पडतो.

जुन्या कंबरदुखीत व्यायामाचा उपयोग होतो, याविषयी आता फारसा वाद नाही. कोणता व्यायाम, याविषयी मात्र पंथोपपंथ माजले आहेत आणि प्रत्येक पंथाच्या कार्यशाळांचे शुल्कही भारी असते. एका प्रकाराने दुसऱ्यावर ठळक विजय मिळवल्याचे संशोधन सांगत नाही. चालणे असो, योगासने असोत वा स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम असोत, रोगी नेमाने करील तोच व्यायाम चांगला. बारा व्यायामांचा छापील कागद फार तर आठवडाभर भिंतीवर टिकतो. दोन किंवा तीन व्यायाम द्यावेत, ते रोग्याकडून समोर करवून घ्यावेत, आणि दिवसातील एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून द्यावेत: सकाळच्या चहाचे आधण ठेवले की हा, संध्याकाळी दिवा लावला की तो. पुढच्या भेटीत ‘व्यायाम केलात का?’ असे विचारले तर सर्वच होय म्हणतात. ‘करून दाखवा’ म्हटले म्हणजे खरे काय ते कळते.

दुसरा दोष मात्रेचा. औषधाची मात्रा मोजणारे आपण व्यायामाची मात्रा मोजत नाही. साठी उलटलेल्या माणसाच्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधायची आणि तीच सहा महिने ठेवायची, हा प्रकार सर्रास दिसतो. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातील, दुर्बल, संस्थेत राहणाऱ्या दहा वृद्धांना आठ आठवडे भारी वजनाचे व्यायाम दिले. ज्या नऊ जणांनी ते पुरे केले त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान होता हे खरे. पण वयाकडे पाहून अर्ध्या किलोवर थांबणाऱ्यांना तो विचार करायला लावतो. बळ वाढवायचे तर शेवटच्या दोन-चार आवर्तनांत स्नायू थकला पाहिजे आणि जमू लागले की वजन वाढले पाहिजे. प्रगती मोजायला यंत्र लागत नाही. तीस सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, एवढे पहिल्या दिवशी आणि महिन्याने नोंदवले तरी पुरे. ‘आता बरे वाटते का?’ या प्रश्नाचे उत्तर रोगी भिडेखातरही देतो. खुर्ची भीड बाळगत नाही.

याचा अर्थ हालचाल जितकी अधिक तितकी बरी, असा कोणी घेऊ नये. पक्षाघाताच्या रुग्णाला शक्य तितक्या लवकर उठवावे, या मतावर एका मोठ्या प्रयोगाने लगाम घातला. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या चोवीस तासांतच सुरू केलेली, वारंवार आणि अधिक प्रमाणात दिलेली हालचाल नेहमीच्या उपचारापेक्षा उणी ठरली; तीन महिन्यांनी चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण एका गटात ४६ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ५० टक्के होते. विशेष म्हणजे या प्रयोगाच्या सूत्रधार ज्यूली बर्नहार्ट स्वतः भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत. आपल्याच अपेक्षेविरुद्ध गेलेला निष्कर्ष त्यांनी जगापुढे ठेवला. एखादे शास्त्र वयात आल्याची याहून चांगली खूण कोणती?

मग उपचारगृहात शेक, वजन आणि पट्टा का टिकून आहेत? हा व्यवसाय आपल्याकडे आला तो मुळात यंत्रे घेऊन नव्हे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओच्या पार्श्वभूमीवर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने. पोलिओच्या उपचारातही विश्रांती विरुद्ध हालचाल हा वाद त्यापूर्वी होऊन गेला होता. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी मुलांचे अवयव फळ्यांना बांधून ठेवण्यास विरोध केला. गरम ओल्या लोकरीच्या घड्या आणि हालचाल यांचा त्यांनी पुरस्कार केला. रोगाविषयीची त्यांची उपपत्ती चुकीची होती, उपचार मात्र पुष्कळ अंशी बरोबर निघाला. हाताने शिकवायच्या, घाम गाळून करवून घ्यायच्या या विद्येत यंत्राने पुढे बस्तान बसवले, त्याचे कारण आर्थिक आहे. यंत्र एका वेळी चार खाटांवर चालते; बोलणे आणि शिकवणे एका वेळी एकाच रोग्याशी होते. रोग्यालाही यंत्राचे बिल पटते, बोलण्याचे पटत नाही. ‘नुसते बोलले आणि दोन व्यायाम दिले, एवढ्याचे पैसे?’ ही तक्रार प्रामाणिक उपचारकाला ऐकावी लागते.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांची त्यात शिफारस आहे. पट्टे, वजन लावणे आणि अल्ट्रासाउंडचे यंत्र यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असा सल्ला आहे. शेकाने घटकाभर आराम पडतो, हे कोणी नाकारत नाही. पण तो घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही पडतो, त्यासाठी रिक्षा करून रोज दवाखान्यात जाण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या उपचारकाला हे संशोधन मिळत नाही, ही सबबही आता चालणार नाही. सिडनी येथून १९९९ पासून चालवला जाणारा ‘पेड्रो’ हा संग्रह जगभरच्या भौतिकोपचारविषयक प्रयोगांची नोंद विनामूल्य देतो आणि बहुतेक प्रयोगांना दहापैकी गुणही देतो. रुग्ण संपल्यावर रात्री अर्धा तास त्यात घालवणे अवघड नाही.

उपचारक बदलला तरी रोग्याची अपेक्षा बदलली पाहिजे, आणि ती एकेकट्या उपचारगृहातून बदलणे कठीण असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून मोहीम चालवली. पाठ दुखली तरी झोपून राहू नका, हिंडत-फिरत राहा, कामावर जा, एवढाच तिचा मथितार्थ होता. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. व्हिक्टोरियातील लोकांच्या समजुती बदलल्या, डॉक्टरांचे सल्ले बदलले आणि पाठदुखीसाठी नुकसानभरपाई मागणारे दावे घटले. शेजारी तसे काही घडले नाही. मोहीम थांबून तीन वर्षे झाल्यावर पुन्हा पाहणी केली तेव्हाही समजुतींतील बदल टिकून होता. मराठीत अशी मोहीम काढायची झाली, तर तिचा प्रारंभ ‘गॅप’ या शब्दापासून करावा लागेल.