ॲम्प्लिफायर गप्प झाला, म्हणजे आयसी जळालीच असे नाही

उंद्री-चिखली भागात मे महिन्याच्या दुपारी ट्रॅक्टर-जीपमधली गाणी मध्येच बंद पडली, की ‘आयसी उडाली’ असे सहज म्हटले जाते. पुष्कळदा ती शाबूत असते. तिने स्वतःच आवाज तोडलेला असतो.

अनेक कार स्टिरिओंत टीडीए ७३८८ सारखी चार चॅनलची आयसी असते, म्हणजे एकाच तुकड्यात चार स्पीकरसाठी चार स्वतंत्र ॲम्प्लिफायर. बॅटरीतून घेतलेली सगळी वीज आवाजात जात नाही, बराच भाग उष्णता होतो. ही उष्णता हीटसिंक (ॲल्युमिनियमची पात्यांची पट्टी) बाहेर टाकते. आतला तुकडा फार तापला, की आयसी आधी आवाज उतरवते, नंतर गप्प होते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लोड वाढल्यावर ट्रिप होतो, तसेच हे. गार झाल्यावर ती आपोआप सुरू होते.

दुसरे कारण जोडणीतले, आणि तेच जास्त वेळा नजरेतून सुटते. ही आयसी ब्रिज पद्धतीने चालते (स्पीकरच्या दोन्ही तारांना ॲम्प्लिफायर जोडलेला). बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर शांत असतानाही दोन्ही तारांवर सुमारे ६ व्होल्ट असतात. म्हणून स्पीकरची निगेटिव्ह तार गाडीच्या बॉडीला लावली, की शॉर्ट होतो आणि आयसी आउटपुट बंद करते. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा थेट स्टिरिओपर्यंत न्याव्यात. आयसी बदलण्याआधी बॉडीला लागलेल्या तारा सोडून, हीटसिंकचे स्क्रू आवळून स्टिरिओ एकदा पुन्हा लावून पाहावा.