वचनाजवळ बसण्याचं काम

संजीवन सभा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. तीन रात्री मंडप, बाहेरगावचा वक्ता, टाळ्यांवर धरलेली गीतं, पुढे येऊन गुडघे टेकणारी माणसं. चौथ्या दिवशी मंडळी पुन्हा होती तशी होते आणि पुढच्या वक्त्याची वाट पाहणं सुरू होतं. सभा नकोत असं मी म्हणत नाही. पण मराठी ख्रिस्ती इतिहासात संजीवन जिथे टिकलं, तिथे ते पवित्र शास्त्राजवळ रोज बसून केलेल्या, वरवर रटाळ दिसणाऱ्या कामामुळे टिकलं, असं माझं ठाम मत आहे. त्या कामाकडे जवळून पाहिलं, तर सभेच्या रात्री काय घडतं तेही जास्त नीट कळतं.

भंडाऱ्याच्या वाचकाला एक उदाहरण अगदी दाराशी सापडेल. नागपूरहून राजनांदगावला जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. ही गोष्ट प्रवचनांत नेहमी चमत्कारासारखी सांगितली जाते. जणू पुस्तक हाती आलं आणि माणूस बदलला. प्रत्यक्षात टिळकांनी ते पुस्तक नेमाने वाचायला घेतलं, मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी पोहोचले आणि तिथे अडकले. बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. मधला काळ वाचनात, शंकांत आणि घरादाराचं काय होईल या घालमेलीत गेला. पुढे 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच मजकुराशी झटत राहिले. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचंच फळ. शुभवर्तमान ओवीत आणायचं तर प्रत्येक प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, कोण कुठे उभा आहे, कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे मनाशी पक्कं करावं लागतं. ते काव्य अपुरं राहिलं आणि त्याचा मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. शाळेची पायरी न चढलेली, लग्नानंतर घरीच अक्षरओळख झालेली ही बाई होती.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनाचं. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला, अशी त्यांची स्वतःची साक्ष आहे. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या विदुषीलाही वाचून, ताडून, पुन्हा वाचूनच तिथे पोहोचावं लागलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका आणल्या. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. मुक्तीत या मुली लिहायला-वाचायला शिकल्या आणि शास्त्राचा पाठ हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करण्यासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांना बोलावलं. सुरुवातीला 70 जणी आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. जूनच्या अखेरीस जे पेटलं ते सर्वज्ञात आहे: पापाची कबुली, अश्रू, तासन्‌तास प्रार्थना, आणि मग गावोगावी सुवार्ता सांगायला निघालेल्या मुलींच्या टोळ्या. तिथल्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेलं छोटं पुस्तक दूर चिलीपर्यंत पोहोचलं आणि 1909 च्या तिथल्या जागृतीला त्याचा हातभार लागला.

यावर कोणी म्हणेल, केडगावला घडलं ते भावनेचं उधाण होतं. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या आणि मुलींनी त्याचं अनुकरण केलं, त्यात शास्त्राचा काय संबंध? बातम्या आल्या होत्या, हे खरं. पण त्या तर सगळ्याच मिशनांत पोहोचल्या होत्या. शिवाय उधाणाचा कस ते ओसरल्यावर लागतो. रमाबाईंनी त्यानंतर काय केलं? आणखी मोठ्या सभा भरवण्याचा ध्यास घेतला नाही. संपूर्ण बायबल मूळ इब्री आणि ग्रीकवरून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणण्याचं काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. त्या भाषा त्या उतारवयाकडे झुकताना शिकल्या. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. ते 1924 मध्ये छापून निघालं.

हे छापणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका. जुन्या छापखान्यातलं जुळणीचं काम डोळ्यांसमोर आणून पाहा. देवनागरीची केस म्हणजे अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं यांचे असंख्य खण. खिळ्यावरचं अक्षर उलटं. जुळारी बाई एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावते, ओळ भरते, गॅलीत उतरवते. प्रूफ निघालं की मूळ प्रतीशी शब्दशः ताडायचं, चुकलेला खिळा काढून बरोबर बसवायचा, फर्मा छापून झाला की खिळे पुसून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. या कामात ओळ गाळून पुढे जाता येत नाही. आवडता अध्याय सावकाश आणि वंशावळ घाईने, अशी सोय नाही. यहेज्केलातली मोजमापं आणि योहानातलं सांत्वन दोन्ही सारख्याच लक्षाने हाताखालून जातात. ज्या मुलींना दुष्काळाने रस्त्यावर टाकलं होतं, त्यांच्या हातून उभं पवित्र शास्त्र गेलं. मला 1905 च्या त्या रात्रीइतकंच हेही संजीवन वाटतं.

रमाबाईंचं भाषांतर मंडळ्यांत रुळलं नाही; बायबल सोसायटीचंच चाललं, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्याने एवढंच ठरतं की ती प्रत उपासनेत प्रमाण झाली नाही. जिने ते केलं आणि ज्यांनी ते जुळवलं, त्यांच्यात काय घडलं ते त्याने पुसलं जात नाही. याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. शास्त्राच्या अभ्यासाने माणूस पंडित होतो, भक्त होत नाही; अक्षराला चिकटून आत्मा हरवलेल्या मंडळ्या आपण पाहतोच. ते धोक्याचं आहे, नाकारून चालणार नाही. मात्र त्या मंडळ्यांत शास्त्र फार वाचलं जातं म्हणून हे होत नाही. तिथे ते उत्तरं सिद्ध करण्यासाठी उघडलं जातं. टिळकांनी ते स्वतःला विचारलेला प्रश्न म्हणून वाचलं, आणि मुक्तीत वाचन, कबुली आणि सेवा एकमेकींपासून सुटल्या नाहीत. वाचता न येणाऱ्यांचं काय, असंही विचारतात. ऐकणं हेही वाचनच आहे, अट एवढीच की वाचणाऱ्याने सावकाश, पुरा अध्याय, न वगळता वाचावा.

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या धानाच्या गावात एखाद-दुसरं ख्रिस्ती घर असेल, पाळक महिन्यातून एकदा येत असेल, मोठी सभा परवडणार नसेल, तर त्या घराने स्वतःला वंचित समजू नये. मार्काच्या शुभवर्तमानात 16 अध्याय आहेत. रोवणी आटोपली की रोज रात्री जेवणानंतर एक अध्याय मोठ्याने वाचा, जे कळलं नाही ते तसंच बोलून दाखवा, आणि प्रार्थना त्याच अध्यायातून करा. पुढच्या वक्त्याची तारीख ठरण्याआधी हे सुरू करा.