कोरड्या मुलखांतील लाजाळू

कोंकणांत लाजाळू कोणी मुद्दाम लावीत नाहीं. वाटेच्या कडेला, कुरणांत, बागेच्या गवतांत ती आपोआप पसरते आणि अनवाणी पायांना कांटे टोंचले म्हणजे लोक तिला उपटून टाकतात. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर ह्या तालुक्यांत मात्र तीच लाजाळू कौतुकानें कुंडींत लावली जाते. पावसाळ्यांत कोणी पाहुणा रोप आणून देतो. मुलें दिवसांतून पन्नास वेळां त्याला बोट लावून पाहतात. दिवाळीच्या सुमारास गुलाबी फुलें दिसतात. आणि चैत्र संपतां संपतां कुंडींत एक वाळलेली काडी उरते. झाडच नाजूक, असें म्हणून घरचीं माणसें तो विषय सोडून देतात. परंतु जें झाड कोंकणांत तण म्हणून उपटावें लागतें, त्याला नाजूक कसें म्हणावें? बारामती-इंदापूरकडील हवा, पाणी आणि माती हीं तिन्ही त्याच्या मूळ प्रकृतीच्या उलट आहेत, हें खरें कारण होय.

लाजाळू मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस ह्यानें १७५३ सालीं तिला 'मिमोसा पुडिका' हें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील 'पुडिका' शब्दाचा अर्थही लाजरी असाच आहे. बारामतीच्या माळावरील बाभूळ ही तिची नातलग. बाभळीचा पिवळा गोंडा आणि लाजाळूचा गुलाबी गोंडा शेजारीं ठेवला म्हणजे हें नातें ध्यानांत येतें. दोन्हींत डोळ्यांत भरतात ते पुंकेसरांचे तंतू. मात्र बाभूळ खोल मुळें सोडून दुष्काळाशीं जमवून घेते. कुंडींतील लाजाळूला ती सोय नसते.

पान मिटतें कसें, हें समजल्यावांचून तिची निगा नीट समजत नाहीं. देठाच्या बुडाशीं आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीं एक फुगीर सांधा असतो. त्यांतील पेशी पाण्यानें तट्ट भरलेल्या असतात आणि त्या ताणावर पान उभें राहतें. स्पर्श होतांच विद्युत्संदेश पानांतून धांवतो. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर पडतें. ती बाजू ढिली पडते आणि पान मिटतें. पेशी पुन्हां भरून पान उघडण्यास दहा-पंधरा मिनिटें किंवा अधिकही वेळ लागतो. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वतः बनविलेल्या सूक्ष्म यंत्रांनीं लाजाळूंतील ह्या संदेशाचा वेग मोजला. मिटण्याचा तिला उपयोगही आहे. जपानमधील संशोधकांनीं २०२२ सालीं असें दाखविलें कीं, मिटण्याची शक्ति काढून घेतलेलीं रोपें नाकतोड्यांनीं अधिक खाल्लीं.

परंतु ह्या संरक्षणाची किंमत पडते. मिटलेल्या पानास ऊन कमी मिळतें व अन्न कमी तयार होतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लाजाळूच्या कुंड्या सुमारें १५ सेंटिमीटर उंचीवरून वारंवार अलगद पाडल्या. धोका नाहीं असें दिसतांच रोपांनीं मिटणें सोडलें, आणि ज्यांना उजेड कमी होता त्यांनीं तें अधिक लवकर सोडलें. झाड स्वतः इतकी काटकसर करतें, तेव्हां घरच्यांनींही करावी. मुलांना दिवसांतून एकदां हात लावूं द्यावा. दिवेलागणीला पानें स्पर्शावांचूनच मिटतात, तें त्यांना अवश्य दाखवावें.

आतां पाण्याकडे वळूं या. ह्या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठीं पाऊस वीस इंचांच्या आसपास पडतो. १८८५ सालीं सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यानें येथें ऊस आणला. पण काळ्या जमिनींत निचरा नसल्यानें पुष्कळ शेतें खारावून चोपण झालीं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांनीं १९१० सालींच नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. कालव्याकांठच्या शेतांत जें अनेक वर्षांत घडलें, तेंच कुंडींत एका वर्षांत घडतें. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी रोज घातलें जातें. उन्हानें पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. कुंडीच्या कांठावर पांढरा थर दिसूं लागला व पानांच्या कडा करपूं लागल्या, म्हणजे हीच खूण समजावी. अशा वेळीं आणखी पाणी घातल्यानें रोप वांचत नाहीं, कारण तेंच पाणी आणखी क्षार आणतें.

ह्यावर उपाय सोपा आहे. पावसाळ्यांत गच्चीवरचें पाणी पिंपांत धरून फडक्यानें झांकून ठेवावें व लाजाळूला तेंच घालावें. महिन्यांतून एकदां असें गोडें पाणी कुंडीच्या खालच्या भोंकांतून वाहून जाईपर्यंत सोडावें आणि ताटलींत सांचलेलें ओतून टाकावें, म्हणजे क्षार धुऊन जातात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून वायां जाणारें पाणी अनेक घरीं कुंड्यांना घालतात. त्यांत क्षार अधिक असल्यामुळें तें लाजाळूला कदापि घालूं नये.

कुंडींत शेतांतील काळी माती भरूं नये. पोयट्याची माती, धुतलेली वाळू आणि चांगलें कुजलेलें शेणखत समभाग घ्यावें. लाजाळूच्या मुळांवरील गांठींतले जीवाणू हवेंतला नत्र तिला पुरवितात, म्हणून पुढें खताचा मारा नको. सकाळचें ऊन तिला हवें. परंतु फाल्गुनापासून पुढें दहा वाजल्यानंतर कुंडी सावलींत न्यावी. पारा चाळीस अंशांच्या घरांत गेला म्हणजे खडे व पाणी भरलेल्या पसरट ताटांत, खड्यांवर, कुंडी ठेवावी. त्यानें भोंवतालची हवा दमट राहते. कोरड्या हवेंत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी पडतो. तेथें गोड्या पाण्याचा फवारा मारावा. त्यानें पानें मिटतील, पण थोड्या वेळानें उघडतील.

इतकें करूनही कधीं कधीं उन्हाळा रोप घेऊन जातो. म्हणून ह्या मुलखांत लाजाळू एका वर्षाचें झाड समजावें आणि बी राखावें. फुलांमागून केंसाळ शेंगांचे झुबके येतात. ते वाळले म्हणजे बिया काढून कागदांत बांधून ठेवाव्यात. त्यांचें कवच इतकें कठीण असतें कीं त्या कित्येक वर्षें टिकतात. ज्येष्ठांत पाऊस लागला म्हणजे त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर तसेंच राहूं द्यावें. सकाळीं फुगलेल्या बिया नखभर खोल पेराव्यात. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतात. रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात.

उरलेल्या शेंगा मात्र कचऱ्याबरोबर चारीच्या किंवा कालव्याच्या कांठीं टाकूं नयेत. त्यांचे केंस कपड्यांना व जनावरांच्या अंगाला चिकटतात, आणि ओल मिळाली तर हें कुंडींतलें कौतुक कांटेरी तण होऊन बसतें. बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीनें ह्या भागांत किती जागा व्यापली आहे, हें इंदापूरकरांना सांगावयास नको. बियांची पुडी फळीवर आणि पावसाचें पाणी पिंपांत असलें, म्हणजे चैत्रांत वाळलेल्या काडीबद्दल हळहळण्याचें कारण उरत नाहीं. आषाढांत त्याच कुंडींत नवीं पानें मुलांची वाट पाहत असतात.