उभ्या गाडीचा धरलेला ब्रेक

महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत डिस्क ब्रेकचा कॅलिपर धरून बसतो. पेडलवरचा पाय काढला तरी पॅड डिस्कला सोडत नाहीत. गाडी चालताना एका बाजूला ओढते, न्यूट्रलमध्ये टाकली तर नेहमीपेक्षा लवकर थांबते, आणि काही किलोमीटरनंतर एका चाकाजवळ जळका वास येऊ लागतो. त्या चाकाची रिम हात लाववणार नाही इतकी तापलेली असते. अशी गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर आली, तर हा दोष जिवावर बेतू शकतो. घासणाऱ्या पॅडची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट-४ प्रतीचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शोषले, की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळून नळीत वाफ झाली, तर पेडल दाबताना वाफच दबते आणि पॅडवर पुरेसा जोर येत नाही.

कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे रबरी सील असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्यासोबत किंचित पिळले जाते. दाब गेल्यावर ते मूळ आकारात येते, आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. बहुतेक गाड्यांत पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते. सगळी भिस्त या सीलच्या लवचिकपणावर. सीलच्या खाचेत गंज किंवा ऑइलचा साका बसला, तर सील पिस्टनला आवळून धरते. दुसरी जागा स्लाइड पिनांची. छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना सहसा तरंगता कॅलिपर असतो आणि तो या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनेचे रबरी बूट फाटले, की आतले ग्रीस धुऊन जाते आणि पिन गंजते.

पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी असलेली गाडी नीट सुकत नाही. त्यात गाडी पुसणारा रोज चाकांवर पाणी मारतो. दसऱ्याला ती धुऊन, पूजा करून पुन्हा जागेवर लावली जाते. धुतलेली गाडी फिरवून, ब्रेक दाबून सुकवली पाहिजे, हे सहसा कोणी सांगत नाही. डिस्कवर दिसणारा तांबूस थर मात्र घाबरण्यासारखा नसतो. पहिल्या काही ब्रेकांत तो निघून जातो.

दोष नेमका कुठे आहे, हे कॅलिपर खोलण्याआधीच शोधावे. गाडी सपाट जागी उभी करून दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते घट्ट असेल, तर ब्लीडर निपल थोडे सैल करावे. ऑइल जोराने उडून चाक मोकळे झाले, तर दाब वरच अडकला आहे: रबरी नळी आतून सुजली असेल किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नसेल. पुढची दोन्ही चाके धरली असतील, तर संशय आधी मास्टर सिलिंडरवर. निपल सोडूनही चाक घट्टच राहिले, तर पिस्टन, पिना किंवा ब्रॅकेटमध्ये गंजून अडकलेले पॅड तपासावेत. ही पायरी गाळून नवा कॅलिपर बसवला, तर पैसे जातात आणि चाक पुन्हा धरू शकते.

कॅलिपर काढल्यावर तो तारेने टांगावा, नळीवर लोंबकळू देऊ नये. पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. काही गाड्यांत दोन पिना वेगवेगळ्या असतात. कोणती वर, कोणती खाली याची खूण करून ठेवावी.

हातोडीने ठोकून आणि गंज सोडवायचे तेल मारून पिस्टन आत ढकलला, तर चाक तात्पुरते मोकळे होते. पण तो ब्रेक दुरुस्त झालेला नसतो. गंज खाचेत तसाच राहतो, आणि पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागले की सीलचे रबर फुगते. पिस्टन पेडलच्या दाबानेच बाहेर काढावा; समोर लाकडाचा तुकडा धरावा आणि बोटे दूर ठेवावीत. हवेच्या दाबाने तो गोळीसारखा सुटतो. पिस्टनच्या घासत्या भागावर खड्डे असतील, तर तो बदलावाच. खाच धातूने न खरवडता साफ करावी. नवे सील ताजे ब्रेक ऑइल लावून बसवावे आणि पिनांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. सील-बुटांचे किट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. मॉडेलसोबत कॅलिपर बनवणाऱ्याचे नावही पाहून घ्यावे, कारण एकाच मॉडेलला दोन प्रकारचे कॅलिपर असू शकतात. एक बाजू गंजली, तेव्हा दुसरीनेही तेवढेच पावसाळे काढलेले असतात. म्हणून किट दोन्हींकडे बदलणे इष्ट.

शेवटी ऑइल बदलून एअर काढावी. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचे, आणि मगच पेडल सोडायचे. चाकांचा क्रम त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. ऑइल रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. मग सपाट रस्त्यावर थोडे अंतर जाऊन दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता लेझर थर्मामीटरने मोजावी. एक चाक अजूनही बरेच जास्त तापत असेल, तर रबरी नळी पुन्हा तपासावी.

त्यानंतर गाडी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि मोकळ्या रस्त्यावर चार-सहा ब्रेक जोराने दाबावेत. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल, तर ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडण लावावी आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. नाहीतर मागच्या ड्रममधले लायनरही असेच चिकटून बसतात.