दरबार गेला, आता माल कुणाला विकायचा?

वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तुटलं की छोट्या धंदेवाल्याला फुकटचे सल्ले फार मिळतात. त्यातले बरेच सल्ले हैदराबादच्या कारागिरांच्या अनुभवाशी ताडून पाहिले, तर लंगडे निघतात. कारण या शहराने एकेकट्या दुकानाचं नव्हे, अख्ख्या बाजाराचं ठरलेलं गिऱ्हाईक दोनेक वर्षांत जाताना पाहिलं आहे.

गैरसमज : माल चोख असेल तर गिऱ्हाईक तुटत नाही.

निजामाच्या राज्यात सुमारे तीस टक्के मुलूख जहागिरदारांकडे होता आणि दहा टक्के खुद्द निजामाच्या खासगीत, म्हणजे सर्फ-ए-खासमध्ये. बिदरी कामाचे हुक्के, पानदानं, पिकदाण्या आणि औरंगाबादच्या हिमरू कापडाच्या शेरवान्या यांचं बडं गिऱ्हाईक म्हणजे हाच वर्ग. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारची पोलीस कारवाई होऊन निजामाची राजवट संपली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जहागिरीचा वसूल थांबला, तशी जहागिरदारांच्या देवडीवरची खरेदीही आटली. बिदरीसाठी जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकायची, मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने धातू काळा करायचा. एवढ्या खटपटीच्या कामाला कुणी नाव ठेवलं म्हणून गिऱ्हाईक गेलं नाही. हुक्का ओढणारं घरच बदललं.

गिऱ्हाईक कामाला कंटाळलं आहे की त्याची गरजच संपली आहे, हे आधी पाहायला हवं. पहिल्या प्रकारात माफी मागून, माल सुधारून ते परत येऊ शकतं. दुसऱ्या प्रकारात वस्तूच बदलावी लागते. बिदरी कारागिरांनी तंत्र तेच ठेवलं आणि हुक्क्याच्या बैठकीऐवजी फुलदाण्या, दिव्यांचे पाये, कफलिंक्स, स्मृतिचिन्हं घडवली. हिमरूही शेरवानीवरून शालींकडे वळला आणि त्याला अजिंठा-वेरूळ पाहायला आलेला प्रवासी भेटला. दोन्ही धंदे पूर्वीइतके मोठे राहिले नाहीत, हेही खरंच. पण टिकले.

गैरसमज : एक मोठं गेलं, तर तसंच दुसरं मोठं गाठावं.

हा सल्ला सगळ्यांत गोड आणि माझ्या मते सगळ्यांत महाग. दरबाराची जागा भरायला सरकार पुढे आलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं, पुढे राज्यांची एम्पोरियम आली. कारागिराला मोठा आधार मिळाला, यात शंका नाही. पण ज्याचा बहुतेक माल एकाच दारात जातो, त्याच्या दृष्टीने मालक तेवढा बदलला. टांगलेपण तसंच राहिलं. शिवाय सरकारी गिऱ्हाइकाच्याही सीमा सरकतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात, आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. बिदरी घडवणारं गाव एका राज्यात, तिची जुनी पेठ दुसऱ्या राज्यात. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं, तेव्हा हैदराबादेत पुन्हा हाच खेळ. वर्षानुवर्षं ‘लेपाक्षी’ म्हणून ओळखीची असलेली सरकारी दुकानं तेलंगणात ‘गोलकोंडा’ झाली.

आज हीच जागा कंपन्यांच्या दिवाळी भेटींच्या ऑर्डरी घेतात. ऑर्डर जरूर घ्यावी. पण निम्म्याहून जास्त विक्री एकाच खात्यावर दिसू लागली, तर वहीत लाल खूण करावी.

गैरसमज : एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर धंदा चालत नाही.

चारमिनारच्या बाजूच्या लाड बाजारात जाऊन कुणी हे म्हणू नये. तिथल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या बांगड्यांची मुख्य खरेदी लग्नाची. नवरी काही दरवर्षी नवरी होत नाही, पण लग्नं दरवर्षी होतात. मोठ्या बहिणीच्या वेळी आलेली धाकटी, तिच्यासोबत आलेली मावशी, अशी माणसं साखळीने येत राहतात. इथे कायमचं गिऱ्हाईक म्हणजे कुणी माणूस नव्हे, एक प्रसंग आहे. गेलेल्या एका गिऱ्हाइकाच्या जागी कोण, हे शोधताना निदान या बाजूनेही विचार करावा : आपला माल लागतो असा प्रसंग कोणता, आणि त्या वेळी आपली आठवण कुणाला होते?

गैरसमज : भाव पाडला की नवे येतात.

येतात, पण त्याहून स्वस्त दुकान दिसलं की तितक्याच सहज जातात. बिदरीत खर्च चांदीचा आणि हाताच्या तासांचा. भाव पाडायचा म्हणजे तार बारीक करायची किंवा नक्षी विरळ. त्यापेक्षा वस्तू छोटी करणं बरं. कफलिंक्सची जोडी हुक्क्याहून स्वस्त असते, पण तिच्यातलं काम हलकं असायचं कारण नाही.

गैरसमज : ‘उद्यम’ नोंदणी आहे, आता पैसे ४५ दिवसांत येणारच.

नव्या गिऱ्हाइकाला उधारी देताना हा समज अनेकांना नडतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी कराराच्या मुदतीत, तेही जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, मात्र त्यांना लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. म्हणजे बिदरी घडवणारा कारागीर थकलेल्या बिलासाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागू शकतो. त्याच्याकडून माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला या कायद्याचा आधार नाही. त्याने पहिल्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ मागावी, आणि कारागिराने आपली नोंदणी माल पाठवण्याआधीच करून ठेवावी.