मेडिकलवाला ‘नाही’ का म्हणाला?

दिवाळीत गावी गेलो आणि माझ्या एडीएचडीच्या मिथाइलफेनिडेटच्या गोळ्या पुण्यातच राहिल्या. डॉक्टरांना फोन केला, म्हटलं, चिठ्ठीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका ना. ते म्हणाले, “नाही टाकता येत.” आपण कोड लिहिणारी माणसं, कागद म्हटलं की डोकंच फिरतं. मग चिडूनच नियम वाचले.

ही गोळी १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल एक्समध्ये येते. केटामाइनही तिथेच. हिची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक मेडिकलवाला ठेवून घेतो, २ वर्षं. म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन पुढच्या दुकानात गेलात तर जोडी पूर्ण होत नाही. साधा लॉग आहे हो, फक्त कागदी! माल कुलपात ठेवायचा, शिवाय विकायला फॉर्म २०-एफचं वेगळं लायसन्स. एवढा व्याप गावातला मेडिकलवाला कशाला करेल? आणि २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनी शेड्यूल एक्सची औषधं कॉलवर लिहून द्यायलाच मनाई केलीय.

अल्प्राझोलमसारख्या गोळ्या एच-वनमध्ये. तिथे दुसरी प्रत नाही, दुकानाच्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, ३ वर्षं जपायचं.

गैरवापर थांबावा हे मला पटतं. पण जो कायमच गावी राहतो, त्याने दर वेळी शहर गाठायचं? मी तर भाऊबीज उरकली आणि रात्रीची एसटी पकडली. ताई अजून चिडलेली आहे.