पर्यावरणाचा अभ्यास आणि शब्दांचा प्रश्न

पर्यावरणविज्ञान व पर्यावरण-व्यवस्थापन हे विषय आपल्या विद्यापीठांत आता नवखे राहिलेले नाहीत. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. १९७४ चा जलप्रदूषणविषयक कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे त्यानंतरचे टप्पे होत. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणक्रमात सक्तीचा करण्यासंबंधी निर्देश दिले. पुढे, २००३ च्या आदेशास अनुसरून, विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम सिद्ध केला. अशा विषयावर भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु या विषयाचा एक मोठा भाग भाषेवर उभा आहे आणि नेमका तोच भाग वर्गात बहुधा गृहीत धरला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

प्रथम विज्ञान आणि व्यवस्थापन यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. विज्ञान ‘काय घडते?’ असे विचारते. व्यवस्थापन ‘काय करावे, आणि ते कोणी ठरवावे?’ असे विचारते. नदीच्या पाण्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी मोजावयाची झाल्यास आपल्याकडे पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवतात व त्या अवधीत सूक्ष्मजीवांनी किती प्राणवायू वापरला हे पाहतात. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी याची सर्वसाधारण मर्यादा प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम अशी आहे. हा आकडा मराठीत सांगितला काय अन् इंग्रजीत सांगितला काय, तो बदलत नाही. परंतु त्या आकड्यावरून नदीकाठच्या गावाने काय समजावे, हा प्रश्न उपस्थित होताच आपण प्रयोगशाळेच्या बाहेर पडतो आणि भाषेच्या प्रांतात शिरतो.

भाषेचा हा प्रभाव सर्वांत अधिक जाणवतो तो वर्गीकरणात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण उघड्या पठारांस ‘सडा’ म्हणतात. उन्हाळ्यात सडा ओसाड भासतो. पावसाळ्यात मात्र त्यावर उथळ पाणी साचते, गवत वाढते आणि अल्पायुषी वनस्पतींचा बहर येतो. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाणारी वनस्पती त्यांपैकीच एक. तेथील मातीत पोषणद्रव्ये इतकी कमी असतात की ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. सातारा जिल्ह्यातील कास पठार याच जातीचे असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत त्याचा समावेश आहे.

आता सरकारी दप्तराकडे वळावे. इंग्रजीतील ‘वेस्टलँड’ या संज्ञेत उजाड खडकाळ भूमीचाही एक वर्ग येतो, आणि या संज्ञेसाठी मराठीत सरसकट ‘पडीक जमीन’ असा प्रतिशब्द योजला जातो. परंतु शेतकऱ्याच्या बोलीत ‘पड’ म्हणजे नांगरटीखालील जमीन काही काळ तशीच राहू देणे. पडीक जमीन ही पुन्हा वहितीस आणावयाची जमीन होय. सडा कधी नांगरलाच गेला नाही; मग तो ‘पडीक’ कसा? ‘गायरान’ या शब्दात गावाच्या गुरांच्या चराईचा हक्क सूचित होतो. ‘देवराई’त न तोडण्याचा संकेत असतो. हे सारे शब्द पुसून एकच ‘पडीक’ लिहिले की त्या जमिनीचा उपयोग आणि तिच्याविषयीचा हक्क दोन्ही कागदावरून नाहीसे होतात, आणि तेथे प्रकल्प आणण्यास हरकत नाही असा निष्कर्ष चर्चेपूर्वीच निघून बसतो.

दुसरे उदाहरण जनसुनावणीचे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांचे मूल्यांकन चार टप्प्यांत होते: छाननी, व्याप्तिनिश्चिती, लोकांशी विचारविनिमय आणि परीक्षण. तिसऱ्या टप्प्यासाठी अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्यभाषेत किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि सुनावणीचे इतिवृत्त अखेरीस उपस्थितांस त्यांच्या भाषेत समजावून द्यावे लागते. मूळ अहवालास मात्र हे बंधन नाही. आणि ज्यांत आकडे व नकाशे असतात ती शेकडो पाने तेथेच असतात. सारांशातील शब्दही तपासून घ्यावे लागतात. ‘इंपॅक्ट’ या एका शब्दासाठी आघात, परिणाम व प्रभाव असे तीन पर्याय आढळतात. ‘आघात’ म्हटले की ऐकणाऱ्यास प्रहार जाणवतो. ‘परिणाम’ तटस्थ आहे. ‘प्रभाव’ या शब्दास तर मराठीत काहीशी गौरवाची छटा आहे. एकाच खाणीविषयी हे तीन शब्द वापरून पाहिल्यास सभेत तीन वेगवेगळे प्रश्न उठतील.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. २०२० साली नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी व हिंदी भाषांत प्रसिद्ध झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. ज्यास वाचताच येत नाही अशा मजकुरावर नागरिकाने मत कसे द्यावे, हा त्यामागील साधा प्रश्न होता.

यावर कोणी म्हणेल की, मग परिभाषाच नको. तसे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ‘परिसंस्था’ हा शब्द वर्गात उत्तम काम देतो, कारण तेथे त्याची व्याख्या प्रथम करून घेतलेली असते. सभेत ती सोय नसते. तेथे परिभाषेला लोकांच्या शब्दाची जोड द्यावी लागते, आणि ती देता येणे हे व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधराचे कौशल्य मानले पाहिजे.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. क्षेत्राभ्यासास जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नमुन्यांच्या नोंदवहीबरोबर शब्दांची नोंदवहीही ठेवावी: जमीन, पाणी, गवत व ऋतू यांसाठी त्या गावचे शब्द, आणि त्यांतील भेद तेथील माणसे कशावरून करतात याची टिपणे. दुसरे, प्रत्येक प्रबंधास चार पानांचा मराठी सारांश असावा व तो जेथे अभ्यास केला त्या गावी वाचून दाखवावा. ऐकणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न प्रबंधास जोडावेत. ज्या वाक्यावर कोणीच प्रश्न विचारला नाही, ते सर्वांस समजले की कोणासच समजले नाही, हे विद्यार्थ्यास तेथेच कळून येईल. परीक्षकांसही ते कळावे.